आधी नोकरी की आधी सीट? महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगची १७० वर्षं

(हा आपल्या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बऱ्याच ठिकाणी तशीच ठेवली आहेत.)



सीईटीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत एकच विषय असतो. कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म. पहिल्या नंबरला कुठलं कॉलेज टाकायचं, कॉम्प्युटर नाही मिळालं तर आयटी घ्यायचं की एआय-डेटा सायन्स, मेकॅनिकल घेतलं तर पुढे काय. काका, मामा, शेजारचा दादा, क्लासचे सर, सगळे बोलत असतात. आणि शेवटी कोणीतरी म्हणतंच, "इंजिनिअरिंग कर रे, सेफ असतं."

आजच्या भागात या "सेफ"चा इतिहास बघू. हा रस्ता सेफ कधी झाला? कोणी केला? आणि मुळात कोणासाठी?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या टीममध्ये मेकॅनिकलवाले आहेत, सिव्हिलवाले आहेत, एक जण प्रॉडक्शनवाला आहे. सगळे मिळून जावा लिहितात. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही, इतकं ते नेहमीचं झालंय. पण पूल बांधायला चार वर्षं शिकलेला माणूस बँकेचं ॲप का लिहितोय, याचं उत्तर शोधायला गेलात तर तुम्ही १९८३ सालात जाऊन पोचता. तिथे जायच्या आधी मात्र अजून मागे, १८५४ सालात जावं लागेल.

सरकारला माणसं हवी होती

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण रेल्वे नुसती धावत नाही. तिला पूल लागतात, बोगदे लागतात, मोजणी करणारी माणसं लागतात. रस्ते, कालवे, सरकारी इमारती, सगळ्यांचं काम एकाच वेळी निघालेलं. प्रत्येक कामाला विलायतेहून साहेब आणायचा तर खर्च परवडेना.

म्हणून १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. तेच आजचं सीओईपी. उद्देश अगदी साधा होता: बांधकाम खात्यासाठी हाताखालची माणसं तयार करणं. मोठा साहेब गोराच राहणार, त्याच्या खाली काम करायला इथली शिकलेली माणसं हवी होती. पुढे ही संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि एल.सी.ई. ही पदवी मिळू लागली.

याच कॉलेजचा सगळ्यात प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूर संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यात आले, १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागलेसुद्धा. नाशिक, खानदेश, पुणे असं त्यांचं काम झालं. खडकवासल्याला पाण्याच्या दाबावर आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनी बसवले. १५ सप्टेंबरला आपण जो अभियंता दिन साजरा करतो, तो त्यांच्याच जन्मदिवशी.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नोकरी आधी होती. खातं आधी होतं, त्याला माणसं कमी पडत होती, म्हणून कॉलेज निघालं. कॉलेजात जागा मोजक्या, कारण खात्यात जागा मोजक्या. "प्लेसमेंट" हा शब्द कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

पण मग या मोजक्या जागांवर बसत कोण होतं? ज्यांच्या घरात आधीपासून अक्षर होतं ते. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. सरकारचा पैसा येतो कष्टकरी रयतेच्या करातून, तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आणि रयतेच्या पोराला साधी प्राथमिक शाळाही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे हा रस्ता सेफ होता खरा, पण फार थोड्यांसाठी.

गिरणीला माणसं हवी होती

दुसरा मालक म्हणजे कापडगिरणी. मुंबईत १८५० च्या दशकात गिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या तीस वर्षांत शहराचा चेहराच बदलला. पण यंत्रं मँचेस्टरची आणि ती चालवणारे वरिष्ठ तंत्रज्ञही बरेचसे तिकडचेच. गिरणीमालकांना इथे शिकलेली माणसं हवी होती. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झालं, म्हणजे आपलं व्हीजेटीआय. भायखळ्याला सुरुवात झाली, १९२३ मध्ये ते माटुंग्याला आलं आणि १९९७ मध्ये आद्याक्षरं तीच ठेवून त्याला वीरमाता जिजाबाईंचं नाव मिळालं.

तिथे कापडाचं तंत्र शिकवलं जायचं, कारण बाहेर गिरण्या होत्या. पुन्हा तेच, मालक आधी, वर्ग नंतर. फक्त मालक सरकारच्या जागी गिरणी.

या रस्त्याचा शेवटही आपल्याला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या बहुतेकांना परत आत जाता आलंच नाही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत "बापाच्या जागी पोरगा लागेल" हा सगळ्यात सेफ करिअर प्लॅन होता. तो दोन-चार वर्षांत संपला.

देशाला माणसं हवी होती

स्वातंत्र्यानंतर तिसरा मालक आला, तो म्हणजे योजना. धरणं, पोलाद कारखाने, वीजकेंद्रं. १९४५ मध्येच सरकार समिती नेमली गेली होती (इथे सरकार म्हणजे नलिनी रंजन सरकार, गव्हर्नमेंट नव्हे). देशाच्या चार दिशांना चार मोठ्या तंत्रसंस्था काढाव्यात अशी तिची शिफारस होती. त्यातून १९५१ मध्ये खरगपूर आणि १९५८ मध्ये मुंबईचं आयआयटी आलं. पवईच्या संस्थेला युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत होती. महाराष्ट्रात १९६० मध्ये कराड, औरंगाबाद, नागपूर इथे इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. सांगलीत तर १९४७ पासूनच धोंडूमामा साठ्यांनी काढलेलं कॉलेज होतं, तेच आजचं वालचंद.

याच काळात एक दुसरी वाटही तयार झाली, जिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. १९५० मध्ये केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना आली, म्हणजे आयटीआय. १९६१ मध्ये ॲप्रेंटिस कायदा आला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी-चिंचवडला कारखाने आले आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशी हजारो मुलं आयटीआय करून, ॲप्रेंटिसशिप करून कायम झाली. कित्येकांच्या घरातला पहिला पगार तिथून आला, पहिलं घर तिथून झालं. त्या मुलांना शिकवणी आणि काम एकाच छपराखाली मिळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मालक आधी आणि कॉलेज नंतर, मग सगळं सुरळीत चाललं असेल. तसं नाही. १९६२ चं युद्ध, १९६५ चं युद्ध, लागोपाठ दोन दुष्काळ. पंचवार्षिक योजनाच तीन वर्षं थांबवावी लागली, १९६६ ते ६९. योजना थांबली तशी भरतीही थांबली, आणि इंजिनिअर होऊन घरी बसलेल्या हजारो मुलांचा प्रश्न संसदेपर्यंत गेला. सरकारने प्रवेशाच्या जागा कमी केल्या. नेमकं १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला होता, त्यामुळे ज्यांना जमलं ते तिकडे गेले. "सेफ" रस्त्यावर बेकारी आली ती ही पहिली वेळ नाही आणि शेवटचीही नाही.

तरीही सत्तरच्या दशकाअखेर घराघरातलं गणित पक्कं झालं होतं. इंजिनिअर किंवा डॉक्टर. एमएसईबी, पाटबंधारे, टेल्को, नाहीतर अमेरिका. जागा मात्र थोड्या, आणि बारावीचे मार्क एक-दोन टक्क्यांनी कमी पडले की विषय संपला.

१९८३: उलटी गंगा

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्यासाठी विषय संपत नव्हता. ते कर्नाटकात जायचे. मणिपालला टी. एम. ए. पैंनी पन्नासच्या दशकातच खासगी मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजं काढली होती. पुढे कर्नाटकात इतर ठिकाणीही अशी कॉलेजं निघाली आणि देणगी घेऊन प्रवेश ही पद्धत पडली. महाराष्ट्रातली मुलं आणि महाराष्ट्रातला पैसा दरवर्षी सीमेपलीकडे जात होता.

फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. दादांचं स्वतःचं शालेय शिक्षण फार झालेलं नव्हतं. सांगलीचा सहकार, साखर कारखाना, स्वातंत्र्यलढा यातून वर आलेला माणूस. त्यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेज काढायला परवानगी दिली. विनाअनुदानित म्हणजे सरकार पगाराचं अनुदान देणार नाही, कॉलेज विद्यार्थ्यांच्या फीवर चालेल.

पुण्यात एमआयटी आणि भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज त्याच वर्षी सुरू झालं, प्रवरानगरलाही सुरू झालं. बघता बघता जिल्ह्याजिल्ह्यात, मग तालुक्यात कॉलेजं उभी राहिली. ज्या पट्ट्यात साखर कारखाने होते तिथे जमीन होती, भांडवल होतं, राजकीय वजन होतं. "साखरसम्राट" हा शब्द मराठीत होताच, आता "शिक्षणसम्राट" आला. शिक्षणाचा बाजार होतोय म्हणून विरोधही झाला, आणि तो पोकळ नव्हता. देणगीचा प्रकार इतका वाढला की १९८७ मध्ये महाराष्ट्रालाच कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला.

या सगळ्यात एक बदल मात्र चटकन नजरेत येत नाही. १८५४ मध्ये खात्याला माणसं हवी होती. १८८७ मध्ये गिरणीला. १९६० मध्ये योजनेला. १९८३ मध्ये कोणत्या मालकाला इतके इंजिनिअर हवे होते? कोणालाच नाही! गिरण्या बंद पडत होत्या, सरकारी भरती आटत होती. या वेळी मागणी आली ती पालकांकडून. सीट आधी आली, नोकरी कुठून येणार याचा हिशोब कोणी केला नव्हता.

फ्री सीट, पेमेंट सीट

नोकरीच्या आधी कोर्टाची गोष्ट, कारण तुमच्या फीच्या पावतीवरचा आकडा तिथून आलाय.

१९९२ मध्ये मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. कर्नाटकातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजात बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना वर्षाला ६० हजार रुपये फी होती आणि सरकारी कोट्यातल्यांना २ हजार. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, उन्नीकृष्णन खटल्यात कोर्टाने एक योजना घालून दिली: निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट. पेमेंटवाल्याच्या पैशातून फ्रीवाल्याचा खर्च निघेल.

कागदावर छान होतं. झालं काय, तर शहरातला, चांगल्या शाळेतला, क्लास लावलेला मुलगा जास्त मार्क मिळवून फ्री सीटवर बसला. आणि गावाकडचा, स्वतः अभ्यास करून कमी मार्क पडलेला मुलगा पेमेंट सीटवर. कधी जमिनीचा तुकडा विकून. गरीब घर श्रीमंत घराची फी भरतंय, असा तो उलटा हिशोब. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्याच्या निकालात ही योजना रद्द झाली, तेव्हा न्यायालयाने हा मुद्दाही नोंदवला. फुल्यांनी १८८२ मध्ये विचारलेला प्रश्न, पैसा कोणाचा आणि जागा कोणाची, तो १२० वर्षांनी दुसऱ्या कपड्यात परत आला होता.

मग नोकरी आली

म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून इंजिनिअर बाहेर पडू लागले, मालक नाही. १९६८ सारखी बेकारी पुन्हा व्हायची सगळी तयारी होती. ती त्या प्रमाणात झाली नाही, कारण सॉफ्टवेअर आलं. आणि त्याचं या कॉलेजांशी आधी काही ठरलेलं नव्हतं.

टीसीएस मुंबईत १९६८ पासून होती. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात १० हजार रुपयांवर सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली. तेच १९८३! १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने कॉम्प्युटर धोरण सैल केलं, १९९१ मध्ये उदारीकरण आलं, सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले. मग वायटूके. जगभरच्या जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं, २००० साल उजाडायच्या आत ते शोधून दुरुस्त करायचं होतं. कामात फार कल्पकता लागत नव्हती, माणसं मात्र खूप लागत होती. इंग्रजी वाचता येणारी, गणित जमणारी, नीट शिकवलं तर तीन-चार महिन्यांत तयार होणारी माणसं. ती इथे हजारोंनी बसली होती.

कंपन्यांनी ब्रँच विचारलीच नाही. ॲप्टिट्यूड टेस्ट घेतली, मुलाखत घेतली, आपल्या ट्रेनिंग सेंटरला नेऊन स्वतःच शिकवलं. त्यांच्या दृष्टीने डिग्री म्हणजे चाळणी होती. हा मुलगा चार वर्षं गणिताला टिकला, एवढंच त्यातून त्यांना कळायचं. हिंजवडीचे भातखाचरांचे रस्ते आयटी पार्कचे झाले. सिव्हिल, मेकॅनिकल, प्रॉडक्शन, सगळे एका बसमध्ये बसून तिकडे जाऊ लागले.

त्यात कित्येक घरं वर आली, हेही तितकंच खरं. तालुक्यातल्या कॉलेजमधून निघालेली, घरातली पहिली पदवीधर असलेली मुलगी पुण्यात नोकरीला लागली, धाकट्या भावाला शिकवलं. १९८३ चा निर्णय झाला नसता तर तिला सीओईपीची मोजकी दारं उघडली असती का? बहुधा नाही. म्हणून त्या निर्णयाला नुसती शिवी देऊन भागत नाही. पण ज्यांनी जमीन विकून फी भरली आणि ज्यांच्या कॉलेजला कुठलीच कंपनी आली नाही, त्यांनाही या गोष्टीतून वगळता येत नाही. दोघंही एकाच निर्णयाची लेकरं आहेत.

आणि आज

पुढे जागा इतक्या वाढल्या की त्या रिकाम्या राहू लागल्या. कॉलेजं बंद पडली. शेवटी एआयसीटीईने २०२० पासून नव्या इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देणं थांबवलं. ती बंदी २०२३ मध्ये उठली. २०२४-२५ पासून एका ब्रँचला किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादाही काढली गेली. आता कॉलेजं कॉम्प्युटर आणि एआयच्या तुकड्या वाढवतायत आणि काही ठिकाणी सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा कमी करतायत.

नीट बघा, हे १९८३ सारखंच चाललंय. जागा वाढतायत त्या पालकांच्या मागणीने. चार वर्षांनी त्या मुलांना घेणारा मालक कोण, याचं उत्तर सीट देणाऱ्याकडे नाही. त्या वेळी सॉफ्टवेअर धावून आलं. या वेळी सॉफ्टवेअर कंपन्याच फ्रेशर कमी घेतायत, आणि ज्या सोप्या कामावर फ्रेशरची पहिली दोन वर्षं जायची, ते काम मशीन करू लागलंय. पुन्हा कोणी धावून येईलही, पण त्या भरवशावर ऑप्शन फॉर्म भरायचा नसतो.

म्हणून सीट निवडताना कॉलेजला, सिनिअरला, क्लासच्या सरांना तीन गोष्टी विचारा. एक, या ब्रँचच्या मुलांना मागच्या दोन वर्षांत नेमकं कोणी घेतलं, आणि त्याच ब्रँचच्या कामासाठी घेतलं का? दोन, पॅकेजचा सगळ्यात मोठा आकडा सोडा, मधल्या मुलाला काय मिळालं, आणि किती जणांना काहीच मिळालं नाही? तीन, चार वर्षांत खऱ्या कामाच्या जागी, म्हणजे साइटवर, कारखान्यात, कंपनीत, किती महिने घालवता येतील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ॲप्रेंटिसशिपमध्ये किंवा डिप्लोमात जास्त चांगलं मिळत असेल, तर तो रस्ता खालचा समजू नका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला जाता येतं, हे माहीत असूनही आपण नव्वद टक्क्यांच्या मुलासमोर ते नाव काढत नाही.

मुलींसाठी एक गोष्ट सांगतो. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. अटी नीट वाचा, कागदपत्रं वेळेत काढा. "मुलीवर इतका खर्च कशाला" हे वाक्य तुमच्या घरात निघालं, तर हे उत्तर हातात असू द्या.

जाता जाता एक छोटं काम. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत पहिला इंजिनिअर कोण झाला ते शोधा. कुठल्या साली, कुठल्या कॉलेजातून, फी किती होती आणि पहिली नोकरी कोणी दिली ते त्यांनाच विचारा. त्यांचं साल १९८३ च्या अलीकडचं आहे की पलीकडचं ते बघा, आणि मग ते तुम्हाला जो सल्ला देतायत तो परत एकदा ऐका. उत्तरं व्हॉइस नोटवर पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू.

भेटू मग. ऑप्शन फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका, साइट हँग होते!